नळावरची टीका

नळाला पाणी येऊन आज सातवा दिवस. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या आणखी एक खुलासा यायचा, आणि खुलाशांचा साठा आमच्याकडे मुबलक आहे. एवढंच सांगतो की अकोला आणि अमरावतीच्या मधल्या पट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात कुठंतरी घर आहे. खारपाणपट्टा म्हणतात याला. विहीर खणली तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, आणि पाहुणा दुसऱ्या दिवशी निघून जातो (हा एक फायदा). म्हणून सगळी भिस्त नळावर. महिना मेचा, पारा 45 च्या पुढे, आणि दारातले दोन ड्रम वाजवले तर ढोलकीसारखे वाजताहेत.

सकाळी ओट्यावर बसलो होतो. शेजारचा पोरगा मोबाईल नाचवत आला.

'काकाजी, आला पाहा!'

'पाणी?'

'पानी नाई जी. खुलासा.'

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला वाटेल, ही माणसं चिडत कशी नाहीत? चिडत नाही, कारण सवय फार जुनी आहे. दमयंती विदर्भाची. बापाच्या घरी कुंडिनपुरात बसून ती नळाचीच वाट पाहत होती. ते कुंडिनपूर म्हणजे वर्धेच्या काठचं आमचं कौंडण्यपूर, अमरावती जिल्ह्यातलं. नळ कुठं दिसतो का ते पाहायला तिनं चहूकडे ब्राह्मण धाडले होते. आम्ही पोरं धाडतो, टाकीपर्यंत. तिचा नळ शेवटी आला. महाभारतकारांना निदान एवढं सांगायची सोय होती.

तर खुलासा. शब्दशः असा होता: 'तांत्रिक बिघाडामुळे अपरिहार्य कारणास्तव पाणीपुरवठा अनियमित स्वरूपात सुरळीत राहील. नागरिकांनी सहकार्य करावे.' मी तो दोनदा वाचला, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचला, आणि 'अनियमित स्वरूपात सुरळीत' म्हणजे नेमकं काय, एवढंच ओट्यावरून विचारलं. रस्त्यानं एक भाऊ चालले होते. भाऊ म्हणजे ज्यांचा फोटो फलकावर असतो ते. ते थांबले, हसले आणि म्हणाले, 'काकाजी, उगी मल्लिनाथी नका करू न बाप्पा!'

पाणी गेलं ते गेलं. हे मात्र जिव्हारी लागलं. माझ्यासाठी नव्हे, मल्लिनाथासाठी.

मल्लिनाथी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या बोलण्याला आपली पुस्ती जोडायची, ती तिरकी असायची, आणि तिला बुडखा नसायचा. 'यावर त्यांनी अशी मल्लिनाथी केली की' असं वर्तमानपत्रात आलं की समजायचं, पुढे जे येतंय ते मूळ बोलण्यात नव्हतं. आता ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो माणूस पाहा. कोलाचल मल्लिनाथ सूरी, आजच्या तेलंगणात मेदककडचा, सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचा. 'रघुवंश', 'कुमारसंभव', 'मेघदूत', भारवीचं 'किरातार्जुनीय', माघाचं 'शिशुपालवध', श्रीहर्षाचं 'नैषधीयचरित' या सगळ्यांवर त्यानं टीका लिहिल्या. त्यातलं 'नैषधीयचरित' म्हणजे नळ-दमयंतीचीच कथा. म्हणजे आमच्या नळाचा अधिकृत खुलासाही याच गृहस्थानं केलेला आहे, आणि त्यात 'तांत्रिक बिघाड' हा शब्द नाही.

या माणसाची प्रतिज्ञा काय होती? जे मुळात नाही ते मी लिहिणार नाही, आणि ज्याची गरज नाही ते बोलणार नाही. बस्स, एवढीच. आजच्या कुठल्याही पत्रकार परिषदेच्या दारावर ही प्रतिज्ञा लावली तर आत कुणी जाणार नाही. 'रघुवंशा'च्या टीकेच्या आरंभी त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. वाईट टीकाकारांनी कालिदासाच्या वाणीला विष पाजलंय, ती बेशुद्ध पडलीय, तिला शुद्धीवर आणायला मी हे औषध करतोय. म्हणून टीकेचं नाव 'संजीवनी'. त्या विषाला त्यानं जो शब्द वापरला तो मला फार आवडतो: दुर्व्याख्या. सदोष स्पष्टीकरणाला इतका नेमका शब्द दुसरा नाही. दुर्गंध, दुर्जन, दुष्काळ यांच्या रांगेत बसणारा.

मराठीनं काय केलं? दुर्व्याख्या हा शब्द विसरली आणि दुर्व्याख्येला मल्लिनाथाचं नाव दिलं. वैद्याच्या नावानं विष विकायला काढलं. इतका मोठा उपकार फेडण्याची ही मराठी रीत पाहिली की माझी पाण्याची तक्रार अगदीच किरकोळ वाटते.

असं का झालं असेल, यावर माझं एक मत आहे, आणि ते पूर्णपणे शाळेतल्या बाकावर तयार झालेलं आहे. आमच्या संस्कृतच्या पुस्तकात वर दोन ओळींचा श्लोक असायचा आणि खाली अर्धं पान बारीक टाइपात टीका. श्लोक समजायला टीका वाचायची आणि टीका समजायला गुरुजींचा मार खायचा. ज्याला अशा वयात मल्लिनाथ भेटला तो मोठेपणी त्याचं नाव चांगल्या कामाला कसं वापरेल?

पण भाऊंनी नाव काढलंच आहे, तर खरी मल्लिनाथी कशी असते ते दाखवूनच देतो. त्याची पद्धत सोपी. पद घ्यायचं, फोडायचं, कोशाची नाहीतर व्याकरणाची साक्ष काढायची आणि 'इत्यर्थः' म्हणून पुढच्या पदाकडे जायचं. घ्या.

तांत्रिक. यंत्र बिघडलं तर तो यांत्रिक बिघाड. तांत्रिक म्हणजे तंत्रमार्गातला, ज्याला लिंबू, टाचण्या आणि अमावास्या लागते. आमच्याकडचा बिघाड कुणाला दिसत नाही, कशानं झाला ते कळत नाही आणि उताराही चालत नाही. तेव्हा शब्द योग्यच आहे, इत्यर्थः.

बिघाडामुळे. कशाच्या बिघाडामुळे? पंपाच्या, पाइपाच्या, की ठेक्याच्या? षष्ठी गाळली आहे. सरकारी मराठीत षष्ठी नेहमी गाळतात, कारण 'चा-ची-चे' आलं की मागोमाग माणूस येतो. इथं मल्लिनाथानं पाणिनीला साक्षीला बोलावलं असतं. पाणिनी आला असता. पाणी आलं नसतं.

अपरिहार्य कारणास्तव. एक कारण आत्ताच देऊन झालं, मग हे दुसरं कोणतं? जो पोरगा शाळेत उशिरा येऊन आधी सायकल पंक्चर झाली म्हणतो आणि लगेच आजी वारली म्हणतो, त्याची आजी सहसा ठणठणीत असते. सायकलही.

अनियमित स्वरूपात सुरळीत. हा विरोधाभास अलंकार. कवीला माफ असतो.

सहकार्य. दोघांनी मिळून करायचं काम. आम्ही वाट पाहतो आहोत, म्हणजे आमचा अर्धा वाटा पुरा झाला. उरलेला अर्धा चिंत्य आहे. 'चिंत्य' हा टीकाकारांचा सभ्य शब्द. अर्थ असा की लिहिणाऱ्याचं काहीतरी चुकलंय, पण आपण वडीलधाऱ्या माणसासारखं बोलू.

पाहा, यात मी मुळात नसलेलं काही घातलं का? मग मल्लिनाथी कुणी केली, मी की खुलासा लिहिणाऱ्यानं?

आता इतकी वकिली केल्यावर अशिलाचा एक गुन्हा कबूल केला पाहिजे, कारण तो नेमका आम्हा विदर्भवाल्यांशीच केलेला आहे. 'मेघदूता'तला यक्ष रामगिरीवर राहतो. हा रामगिरी कोणता? मल्लिनाथानं बेधडक लिहिलं, चित्रकूट. झालं! नागपूरशेजारचं रामटेक एका शब्दात उत्तरेला नेऊन ठेवलं. वास्तविक कालिदासानं ढगाला रस्ता नीट आखून दिलाय. रामगिरीवरून निघायचं, उत्तरेकडे जायचं, वाटेत रेवा लागेल, मग विदिशा, मग वाट वाकडी करून उज्जयिनी. रेवा म्हणजे नर्मदा. चित्रकूट आधीच नर्मदेच्या पुष्कळ उत्तरेला आहे. तिथून उत्तरेकडे निघालेल्या ढगाला नर्मदा लागायची तर त्याला आधी उलटं दक्षिणेत यावं लागेल. पावसाळी ढग आमच्याकडे असं वागतात, नाही असं नाही, पण कालिदासाचे वागत नसत.

विल्सन या इंग्रजानं 1813 मध्ये 'मेघदूता'चं भाषांतर केलं तेव्हाच रामटेककडे बोट दाखवलं होतं. मग महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी 1959 मध्ये अख्खं पुस्तकच लिहिलं, 'मेघदूतातील रामगिरी अर्थात रामटेक'. आणि या खटल्यातला एक बिनतोड कागद निघाला कुठे, तर अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट. तो दिलाय रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपाशी. विदर्भाची राणी दानपत्र द्यायला चित्रकूटला कशाला जाईल? तेच हे रिद्धपूर, महानुभावांचं, म्हाइंभटाचं. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहिलंय. छत्तीसगडची मंडळी म्हणतात, रामगिरी म्हणजे त्यांच्या सरगुजातलं रामगढ. म्हणू द्या. त्यांच्याकडेही नळ असतील, वेळ जात नसेल.

मल्लिनाथ चुकला, पण एकदा चुकला आणि स्वतःच्या नावानं चुकला. आम्ही तर गावोगाव बिननावी चुका करून ठेवल्यात. चिखलदऱ्याला जा. कुणीही सांगेल, भीमानं कीचकाला मारून या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा. पुराव्यादाखल भीमकुंड दाखवतील, इथं भीमानं हात धुतले म्हणून. महाभारतातला विराट मत्स्य देशाचा, म्हणजे पार जयपूरकडचा. तिथून मेळघाटापर्यंत भीमानं कीचकाला फेकला असेल तर तो ऑलिंपिकचा विषय आहे. उलट जुलै महिन्यात एकदा तिथं जाऊन या. चिखलातून बूट उपटून काढताना कीचक आठवत नाही. नावात जे ऐकू येतं तेच पायाखाली असतं.

अकोल्याची गोष्ट याहून गोड. अकोलसिंगानं इथं एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला पाहिला, ही भूमी पराक्रमी आहे असं ठरवलं आणि गढी बांधली. अकोलसिंग ठीक आहे. पण हाच ससा तिकडे अहमदाबादेत कुत्र्यांच्या मागे लागला म्हणून अहमदशहानं शहर वसवलं, आणि हाच ससा तुंगभद्रेकाठी शिकारी कुत्र्यांवर उलटला म्हणून विजयनगर उभं राहिलं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण रचणाऱ्याला हा ससा ठाऊक नव्हता.

आणि वऱ्हाड? रुक्मिणीच्या लग्नाचं वऱ्हाड इथं आलं म्हणून वऱ्हाड, असं आम्ही छाती फुगवून सांगतो. अहो, रुक्मिणीचं तर हरण झालं! कृष्ण रथ घेऊन आला आणि तिला घेऊन गेला, त्यात वऱ्हाड कसलं? वऱ्हाड आलं होतं ते शिशुपालाचं, आणि ते जेवणाआधी परत गेलं. म्हणजे आपल्याच व्युत्पत्तीप्रमाणे आमच्या मुलखाला नाव पडलं ते फिसकटलेल्या लग्नावरून. अकबराच्या दरबारात बसून अबुल फजलनं 'ऐने अकबरी'त याच नावाची फोड केली, वरदातट, वरदा नदीचा काठ. ती बरोबर असो नसो, त्यात कुणी उपाशी तरी राहत नाही. जर्मन लोकांनी या असल्या व्युत्पत्तींना 1852 मध्येच नाव देऊन टाकलं; आपण त्यांना लोकव्युत्पत्ती म्हणतो. 'लोक' लावलं की कुणाला नोटीस काढता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की अशा गोष्टींनी कुणाची तहान अडत नाही. कीचक दरीत पडला काय आणि चिखलात पडला काय, सहलीचा खर्च तोच. दुर्व्याख्या विषारी होते ती जिथं तिच्यावर कुणाचं तरी पोट अवलंबून असतं तिथं. यार्डात कापसाची गाडी उभी करा आणि भाव कमी का ते विचारा. आधी सांगतील, ओलावा आहे. मूठभर कापूस दाबून दाखवला, कोरडा निघाला, तर म्हणतील कवडी आहे. कवडी नसली तर सरकी पडली. सरकी चढली असली तर गाठीला उठाव नाही. माल तोच, भाव तोच, कारण मात्र दर पाच मिनिटांनी ताजं. मल्लिनाथ या गाडीशेजारी उभा राहिला असता तर एकेका पदाला 'निर्मूल' लिहून दमला असता.

आणि मराठीचं पाहा, समजावून सांगणाऱ्या प्रत्येक शब्दाचं तिनं वाटोळं केलंय. टीका म्हणजे मुळात अर्थ उलगडणं. आमच्याकडे टीका म्हणजे शिव्या. भाष्य पतंजलीनं केलं. आता नेते त्यावर 'भाष्य करणं टाळतात'. पुराण लावतात, कीर्तन करतात, प्रवचन झोडतात, सगळं वैतागून सांगायचं असतं तेव्हा. खुलासा हा अरबीतून आलेला, अर्थ सार, अर्क. त्याच घराण्यातला खलास, म्हणजे सुटका. खलाशी तिथलाच आणि मखलाशीही तिथलीच. घराणं एकच असल्यामुळे कामही एकच चालतं. खुलासा आला की देणारा खलास, सुटला. आणि अर्क काढून घेतल्यावर उरलेला चोथा आपल्या वाट्याला.

एकच शब्द प्रामाणिक राहिलाय, सारवासारव. तो कुठून आला हे सांगायला अरबी लागत नाही. आमच्या आईनं सारवलेलं घर मी पाहिलंय. काळ्या मातीवरचं घर, उन्हाळ्यात जमिनीला बोट जाईल एवढी भेग पडायची. आई शेण कालवायची, पोतेरं बुडवायची आणि उजव्या हातानं अर्धगोल फिरवत मागे मागे सरकत यायची. ओली असेपर्यंत जमीन आरशासारखी. संध्याकाळी पाहुणे, म्हणून दुपारीच सारवायचं. आठ दिवसांनी भेग पुन्हा वर, त्याच जागी, तशीच. पण आईनं कधी 'भेग बुजवली' असं म्हटलं नाही. ती म्हणायची, 'सारवून घेतलं.' फरक तिला कळत होता.

हे सगळं भाऊंना सांगायला मी तोंड उघडलं तेव्हा ते केव्हाच निघून गेले होते. पोरगा मात्र बसून होता. म्हणाला, 'काकाजी, तुमी बोलले तवापासून नय वाजून रायला.'

खरंच वाजत होता. आधी नुसती हवा. मग खोकला, दमेकऱ्यासारखा. मग गेरूच्या रंगाचं पाणी, बोटाएवढ्या धारेचं. घरातून बादल्या निघाल्या, शेजारच्या घरातून निघाल्या, गल्लीला एकदम कंठ फुटला. अर्ध्या तासात एक ड्रम भरला आणि धार तुटली. बायकोनं तुरटी काढली, हात खांद्यापर्यंत ड्रममध्ये घातला आणि दहा-बारा फेरे दिले. गाळ हळूहळू खाली बसायला लागला.

पोरगा मोबाईलकडे पाहत होता.

'काकाजी, गढूळ कावून आलं, त्याचाबी खुलासा आला.'

'काय म्हणतेत?'

'तांत्रिक.'